जंगल टिकेल कसे? बदलत्या हवामानातील वनधोरणाचा आढावा

डिसेंबर २०२४ मध्ये भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा अहवाल प्रसिद्ध झाला. देशाच्या २५.१७ टक्के भूभागावर जंगल किंवा झाडे आहेत, असे त्यात म्हटले आहे. आकडा दिलासा देणारा आहे, पण तो उलगडून पाहिला की चित्र बदलते. २०२१च्या अहवालाशी तुलना करता एकूण वाढ १,४४५ चौरस किलोमीटरची आहे आणि त्यात जंगलाचा वाटा फक्त १५६ चौरस किलोमीटर आहे. बाकीची वाढ बांधावरच्या, रस्त्याकडेच्या, परसातल्या झाडांची. ईशान्य भारतात तर याच काळात तीनशेहून अधिक चौरस किलोमीटर जंगल घटले.

या मोजणीत एक हेक्टरपेक्षा मोठा आणि दहा टक्क्यांहून जास्त छत्र असलेला कोणताही झाडोरा ‘वनाच्छादन’ ठरतो. जमीन कोणाची, झाड कोणते, लावलेले की आपोआप उगवलेले, याचा विचार त्यात होत नाही. आंब्याची बाग, रबराची लागवड आणि आंबोलीचे सदाहरित रान उपग्रहाच्या नजरेत एकाच रंगाचे दिसते. देशाच्या हवामानविषयक वचनांचा पायाही हीच मोजणी आहे. २०३०पर्यंत झाडांच्या मार्फत अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड जास्तीचा साठवू, असे भारताने पॅरिस करारात सांगितले. २००५च्या तुलनेत त्यातले २.२९ अब्ज टन आजच साधले आहे, असे हा अहवाल सांगतो. कागदावर आपण उद्दिष्टाच्या जवळ आहोत. पण ज्या जंगलात हा कार्बन साठवला आहे, ते पुढची पन्नास वर्षे तग धरेल का? वनधोरणाची खरी परीक्षा या प्रश्नावर आहे, आणि आपले धोरण, आपला पैसा व आपली मोजपट्टी या तिन्ही गोष्टी त्या परीक्षेसाठी तयार नाहीत.

दीडशे वर्षांची वाट

भारतातले वनखाते १८६४ मध्ये सुरू झाले. पहिले महानिरीक्षक डीट्रिश ब्रँडिस मूळचे जर्मनीतल्या बॉनचे. जंगलाची मोजदाद करायची, कक्ष पाडायचे, कोणत्या वर्षी कुठे तोड होईल याची कार्य आयोजना आखायची, ही शिस्त त्यांनी घालून दिली. गावांसाठी स्वतंत्र ग्रामवने असावीत, असाही त्यांचा आग्रह होता. १८७८च्या कायद्यात ग्रामवनाचे कलम आले खरे, पण व्यवहारात जंगले राखीव होत गेली आणि गावे बाहेर पडत गेली. त्याची झळ कोणाला बसली, हे महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ सालीच मांडले. डोंगर, दऱ्या आणि गायराने वनखात्याच्या ताब्यात गेल्याने शेतकऱ्याच्या शेरडामेंढरांना चरायला जागा उरली नाही, अशी त्यांची तक्रार होती. १९३०च्या जंगल सत्याग्रहात पुसद, बिळाशी आणि चिरनेर पेटले त्यामागे हाच असंतोष होता.

स्वातंत्र्यानंतर १९५२च्या वननीतीने देशाची एक तृतीयांश जमीन जंगलाखाली असावी हे उद्दिष्ट ठेवले. गावाची गरज मात्र ‘राष्ट्रीय हिता’च्या मागे राहिली, आणि हिताचा अर्थ बहुतेक वेळा लाकूड आणि कागद असाच घेतला गेला. १९७६ मध्ये वने समवर्ती सूचीत आली. १९८०च्या वन संवर्धन कायद्याने वनजमीन दुसऱ्या कामाला देण्यापूर्वी केंद्राची परवानगी बंधनकारक केली.

मोठे वळण आले १९८८च्या राष्ट्रीय वननीतीने. पर्यावरणाचा समतोल हे जंगलाचे पहिले काम, उत्पन्न त्याच्या मागून, असे तिने स्पष्ट सांगितले. जंगलात आणि जंगलालगत राहणाऱ्यांच्या गरजांचा वनोपजावर पहिला हक्क मानला. पुढे १९९६च्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल आहे त्यालाही संरक्षण दिले, मग सातबारावर ते जंगल म्हणून नोंदलेले असो वा नसो. २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वन राखण्याचा, वापरण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला.

ही तीन पावले एकत्र वाचली तर हवामान बदलाच्या काळाला साजेसे धोरण आपल्याकडे अगोदरच आहे. १९८८च्या नीतीची जागा घेणारा मसुदा २०१८ मध्ये आला, पण तो अंतिम झाला नाही. म्हणजे देश आजही १९८८च्या नीतीवरच चालतो आहे. अडचण आहे ती अंमलबजावणीत.

जंगलात नेमके काय बदलते आहे

हवामान बदलाची चर्चा तापमानाच्या अंशांत होते. जंगलाला तो बदल पाण्याच्या वेळापत्रकातून जाणवतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात एकाच वेळी विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पाऊस थोड्या दिवसांत धो धो पडतो आणि मध्ये मोठे खंड पडतात. पहिल्या सरीवर रुजलेले बी पुढच्या खंडात वाळून जाते. उताराची माती वाहते, झरे लवकर आटतात आणि उन्हाळ्यात जमिनीवरचा पाचोळा अधिक कोरडा होतो.

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने बिट्स पिलानीच्या गोवा केंद्राबरोबर २०३०, २०५० आणि २०८५ साठी जंगलांवरील हवामान-ताणाचे नकाशे तयार केले. २०२१च्या अहवालात आलेल्या या नकाशांनुसार २०३०पर्यंतच देशातल्या निम्म्या जंगलांवर कमी-अधिक परिणाम दिसेल. त्यात घाणेरीची भर पडते. विदर्भात जिला रायमुनिया म्हणतात, ती ही परदेशी झुडपी वनस्पती. भारतीय वन्यजीव संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडले की देशातल्या वाघांच्या प्रदेशातील सुमारे ४० टक्के जंगलात ती पसरली आहे. जळून गेली तरी ती मुळापासून पुन्हा फुटते. तिच्या गचपणात गवत वाढत नाही, ऐन-धावड्याची रोपे वर येत नाहीत. जंगल जितके थकलेले, तितकी तिची पकड घट्ट.

एकाच झाडाच्या रांगा

नैसर्गिक जंगलात साग एकटा नसतो. ऐन, धावडा, बिजा, मोह, तेंदू, चारोळी, आवळा आणि खाली बांबू, असा त्याचा शेजार असतो. आलापल्लीचे ‘वनवैभव’ हे राज्यातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ ठरले, ते अशा जुन्या मिश्र जंगलामुळे. पण सागाला बाजारभाव आहे. बल्लारपूरच्या डेपोतले सागवान अलीकडे अयोध्येच्या राममंदिरापर्यंत गेले. राष्ट्रीय कृषी आयोगाने सत्तरच्या दशकात ‘कमी मोलाची’ मिश्र जंगले काढून भाव असलेल्या झाडांची लागवड करावी अशी शिफारस केली आणि ठिकठिकाणी वनविकास महामंडळे उभी राहिली. महाराष्ट्राचे महामंडळ १९७४चे. त्या विचाराने मध्य भारतात मिश्र रान तोडून सागाच्या रांगा उभ्या झाल्या.

एप्रिलमध्ये अशा रोपवनात गेले की फरक पायाखाली कळतो. सगळी झाडे एका वयाची आणि एकाच वेळी निष्पर्ण असतात, खाली मोठाल्या वाळलेल्या पानांचा थर असतो. सावली नाही, फळ नाही, पाखरू क्वचित. आग लागली की थर एका दमात जळतो. पावसाळ्यात सागाच्या रुंद पानांवर पाणी साचून मोठे थेंब उघड्या मातीवर आदळतात आणि माती सुटते. सागावर पाने खाणाऱ्या अळीची धाड पडली तर अडवायला दुसरे झाड मध्ये नसते. मिश्र रानात एका जातीचे वर्ष वाईट गेले तर दुसरी सावरून घेते.

ब्रँडिस यांच्या मायदेशातून या बाबतीत मोठा धडा मिळाला आहे. जर्मनीने दीड-दोनशे वर्षे स्प्रूस झाडाच्या सरळ रांगा जोपासल्या. २०१८ पासून लागोपाठ दुष्काळ पडले, सालीतला भुंगा बोकाळला आणि २०२१च्या वसंतापर्यंत सुमारे पाच लाख हेक्टरवरची झाडे गेली. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय वनगणनेत तिथले जंगल कार्बन साठवण्याऐवजी गमावू लागल्याचे दिसले. ज्या पद्धतीला जगाने आदर्श मानले, तिचे माहेरघरच आता मिश्र पानगळी जंगलाकडे वळते आहे. कॅनडात २०२३च्या एका हंगामात दीड कोटी हेक्टरच्या आसपास जंगल जळाले. झाडातला कार्बन हा कायमचा ठेवा नाही. जंगल सांभाळले तरच तो जागेवर राहतो.

वणवा

महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. वनरक्षक जाळरेषा काढतात, हंगामी अग्निरक्षक नेमले जातात, उपग्रहावरून आगीचा इशारा मोबाइलवर येतो. इशाऱ्याची यंत्रणा खरोखरच सुधारली आहे. पण आपल्याकडची आग बहुतेक वेळा माणसाच्या हातून लागते आणि तिच्यामागे पोटाचे कारण असते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफूल गळते. ते वेचता यावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. मे महिन्यात तेंदूचे कोवळे, मऊ पान हवे असते. त्यासाठी आधी झुडपांची खुटकटाई करावी लागते. ती मजुरी वाचवायची तर काडी ओढणे स्वस्त पडते. बाजार पान मागतो आणि आग कुठून आली हे कोणी विचारत नाही.

ही आग जमिनीलगतची असते. मोठी झाडे तिच्यातून वाचतात, म्हणून वरून छत्र हिरवेच दिसते. जळते ते बी, रोप आणि पाचोळ्यातली माती. दरवर्षी आग लागणाऱ्या रानात म्हातारी झाडे उभी राहतात आणि त्यांच्या जागी येणारी पुढची पिढी नसते. उपग्रहाच्या आकड्यात हे रान वीस वर्षे तसेच दिसत राहील, आणि मग एकदम कोसळेल. म्हणून जंगलाची प्रकृती पाहायची तर नैसर्गिक पुनरुत्पादन मोजले पाहिजे: एका हेक्टरात कोणत्या जातीची किती रोपे कमरेपर्यंत पोहोचली. कार्य आयोजनेत ही मोजणी होते. देशाच्या मुख्य आकड्यात ती कुठेच नसते.

उपाय साधे आहेत आणि ते करून पाहिलेले आहेत. मोहाखाली जाळी अंथरली की पाचोळा जाळावा लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूचे संकलनच बंद केले, कारण त्यासाठी झाडांची छाटणी आणि आग ओघाने येते. बांबूतून उत्पन्न मिळत होते, म्हणून गावाला हा निर्णय परवडला.

माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे

सोलापूर, पुणे, अहिल्यानगर पट्ट्यातल्या गवताळ माळांना सरकारी दप्तरात बहुधा ‘पडीक’ म्हटले जाते, आणि मोठी वृक्षलागवड आधी तिथेच होते. खड्डे खणून गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे लावली जातात. त्यात माळढोक, लांडगा आणि चिंकारा यांचे घर जाते, मेंढपाळाचा चारा जातो, आणि विरळ पावसात ती झाडेही धड जगत नाहीत. गवताचा कार्बन मुळांत, जमिनीखाली असतो. तो आगीने जात नाही, नांगराने किंवा खड्ड्याने जातो.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मराठी वाचकाला विशेष जवळची वाटेल अशी साक्ष काढली. संशोधकांनी मध्ययुगीन मराठी वाङ्मयात आणि लोकपरंपरेतल्या कथा-ओव्यांत आलेली झाडांची नावे ठिकाणांसह तपासली. त्यातली बहुसंख्य झाडे उघड्या गवताळ रानातली निघाली. पश्चिम महाराष्ट्रातली ही माळराने निदान साडेसातशे वर्षांची जुनी आहेत. जंगल तोडल्याने ती तयार झाली, हा समज त्यामुळे टिकत नाही. प्रत्येक भूभागावर छत्र वाढवायचे, या एकाच हेतूने आखलेले धोरण इथे थेट नुकसान करते.

पैसा कुठे जातो

खाण, धरण किंवा महामार्गासाठी जंगल दिले की त्याच्या बदल्यात दुसरीकडे लागवड करायची आणि भरपाई भरायची, असा नियम आहे. ही रक्कम साठत गेली. या निधीसाठी झालेल्या २०१६च्या कायद्यानंतर, ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना ४७,४३६ कोटी रुपये सुपूर्द केले. महाराष्ट्राच्या वाट्याला ३,८४४ कोटी आले. पण जुने जंगल आणि नवी लागवड यांची बरोबरी होत नाही. ग्रेट निकोबार बेटावरील सुमारे १३० चौरस किलोमीटर उष्णदेशीय जंगलाच्या बदल्यात हरियाणात वनीकरण ठरले. बेटावरचे जीवजंतू, पाणी आणि तिथली माणसे हरियाणातल्या रोपांनी भरून निघणार नाहीत.

लागवडीच्या परिणामाबद्दल पुरावाही सावध करणारा आहे. हिमाचलच्या कांगडा जिल्ह्यातल्या अनेक दशकांच्या वृक्षारोपणाचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढा खर्च होऊनही वृक्षछत्रात लक्षणीय वाढ आढळली नाही. उलट, लोकांना चारा आणि जळण देणाऱ्या रुंदपर्णी जाती मागे पडल्या. महाराष्ट्राने २०१६ ते २०१९ या काळात पावसाळी लागवडीचे उद्दिष्ट दोन कोटींवरून ३३ कोटींपर्यंत नेले. पुढे त्यातल्या यशाबद्दल शंका आल्याने विधिमंडळाची चौकशी समिती नेमावी लागली. लाखो हातांनी त्यात मनापासून रोपे लावली, त्यांच्या कष्टाचा हिशेब तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी जगलेल्या झाडांत मांडायला हवा होता.

कायद्याची दिशाही चिंता वाढवणारी आहे. २०२२च्या नियमांनी वनजमीन देण्याच्या केंद्रीय मंजुरीपूर्वी वनहक्कांची पूर्तता तपासण्याची अट काढून ती राज्यावर सोपवली. १९८०च्या कायद्यातल्या २०२३च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आतले सामरिक रस्ते-रेल्वे प्रकल्प आणि गडचिरोलीसारख्या नक्षलप्रभावित भागांतली काही कामे परवानगीतून वगळली. नोंदीत नसलेल्या जंगलांचे संरक्षण धोक्यात येताच सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये गोदावर्मन निकालातली व्याख्याच तूर्त पाळावी, असा अंतरिम आदेश दिला. सुरक्षेची आणि रस्त्यांची गरज खरी आहे. पण जिथे राज्यातले सर्वात सलग जंगल उरले आहे, तिथेच विचारण्याची प्रक्रिया पातळ व्हावी, हे हवामानाच्या दृष्टीने उलटे पाऊल आहे.

गावाच्या हाती जंगल

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या हक्कांपैकी हा एक. अभ्यासगटात चर्चा करायची आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरवायचे, ही या गोंड गावाची पद्धत त्याआधीच रुळलेली होती. हक्क मिळाला तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागत होता आणि तो मिळत नव्हता. बांबू हे झाड की गौण वनोपज, हा वाद घालत दीड वर्ष गेले. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तिका गावाच्या हाती आली, तेव्हा हा हक्क प्रत्यक्षात उतरला. बांबूच्या पैशातून मजुरी, सरकारी कर, जंगलाची कामे आणि गावाचा निधी उभा राहिला.

मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर गावाने उजाड झालेला डोंगर चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि पाणी अडवण्याच्या कामांनी पुन्हा हिरवा केला आणि तिथली सीताफळे थेट शहरात विकली. गडचिरोलीत आज चार लाख हेक्टरहून अधिक जंगल ग्रामसभांच्या हक्कात आहे. सामूहिक वनहक्कात महाराष्ट्र देशातल्या आघाडीच्या राज्यांपैकी एक आहे, हे आपण अभिमानाने सांगावे असे काम आहे.

यातल्या उणिवाही पाहायला हव्यात. अनेक गावांकडे हक्काचा कागद आहे, पण व्यवस्थापन आराखडा नाही. काही ठिकाणी तेंदूच्या कंत्राटदारांनी ग्रामसभांचे पैसे थकवले. एखाद्या गावात रोख उत्पन्नाच्या ओढीने आगही लागते. हक्क मिळाला म्हणजे जंगल आपोआप राखले जाते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पण मेंढा, पाचगाव आणि पायविहीर यांत एक समान धागा आहे. गावाला अधिकार मिळाला, उत्पन्नाचा आधार मिळाला आणि बाहेरून अभ्यासाची साथ मिळाली. या तिन्ही गोष्टी जुळल्या तिथे ग्रामसभेने स्वतःहून संयम पाळला. शासनाच्या कोणत्याही योजनेला हे वटहुकमाने साधता आलेले नाही.

पुढची दिशा

एवढ्या आढाव्यातून निष्कर्ष स्पष्ट निघतो. मोजपट्टी बदलली पाहिजे: अहवालात छत्राबरोबर नैसर्गिक रोपांची संख्या, जातींची विविधता, वारंवार जळणारे क्षेत्र आणि नैसर्गिक जंगल व लागवड यांचे वेगळे आकडे यावेत. भरपाईच्या निधीतला मोठा वाटा नव्या खड्ड्यांऐवजी घाणेरी काढणे, आग रोखणे आणि असलेले रान वाचवणे यांवर खर्च व्हावा, आणि तो ग्रामसभेच्या आराखड्यानुसार व्हावा. सागाची जुनी रोपवने विरळणी करताना टप्प्याटप्प्याने मिश्र करावीत. लाकडाची गरज शेतातल्या झाडांतून आणि बांबूतून भागवावी. वन कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने शेतातला बांबू तोडणे-नेणे मोकळे केले आहे, त्याचा पुरा लाभ घ्यावा. माळरानांना ‘पडीक’ यादीतून बाहेर काढावे. आणि जुने, सलग जंगल मागणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाआधी ग्रामसभेची संमती ही खरी, मोकळेपणाने घेतलेली संमती असावी.

वाचकाने यात काय करावे? दर जुलैमध्ये आपल्या तालुक्यात लागवडीचा कार्यक्रम होतो. त्यात जरूर सामील व्हा, पण तीन वर्षांपूर्वी त्याच ठिकाणी लावलेल्या रोपांतली किती जगली, हे लेखी विचारा. गाव जंगलालगत असेल तर सामूहिक वनहक्काचा दावा झाला आहे का, आराखडा तयार आहे का, हे ग्रामसभेत विचारा. हे प्रश्न विचारण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. तो वापरला गेला, तर १९८८ मध्ये देशाने स्वतःला दिलेले वचन अजूनही पाळता येईल.